पाठमोरी

'मागची कडी' या नाटकाचे बहात्तर प्रयोग झाले. त्या बहात्तरच्या बहात्तर प्रयोगांना हजर असलेली दोनच माणसं आता देऊळगाव राजात उरली आहेत. एक माझी बायको सिंधू, जी त्यात आईचं काम करायची. दुसरा मी, दयाराम, पोस्टातला निवृत्त कारकून आणि त्या नाटकाचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, हातात बॅटरी धरून, वहीतून वाक्यं पुरवणारा माणूस. नाटक पडलं तर पहिली शिवी त्याला, आणि चाललं तर त्याचं नाव जाहिरातीतही नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे तक्रारच आहे, पण आता तिच्यात दम राहिलेला नाही.

गेल्या महिन्यात वाचनालयातली मंजुश्री पेढे घेऊन घरी आली. "दादा, आपल्या नाटकाचा सिनेमा आला! पुण्याच्या लोकायनं काढला. आता रविवारी तुमचं भाषण ठेवतो आपल्याकडे. 'नाटक आणि सिनेमा: एक तुलना.' तुमच्याइतकं ते नाटक दुसऱ्या कोणी पाह्यलं हाय?"

मी लगेच फुगलो. नाटक लिहिणारे हिंमतराव मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा आता विचारणार तरी कुणाला? सिंधूला तिनं विचारलंच नाही. सिंधूनं पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला आणि चहा ठेवायला आत गेली.

सिनेमा पाहायला आम्ही एसटीनं चिखलीला गेलो. दुपारी बाराचा खेळ, आत मोजून अकरा माणसं. माझ्या खिशात कागद होता आणि अंधारातच मी मुद्दे लिहीत होतो. आमच्याकडे दार म्हणजे सुताराकडून आणलेली नुसती चौकट होती, यांच्याकडे सागवानी दार, त्याला पितळी कड्या. आमची आई एकाच लुगड्यात दोन अंक काढायची, यांच्या आईला चार साड्या. आणि बोली! आपल्याकडचं बोलायचं म्हणून प्रत्येक वाक्यात एक 'काऊन' खोचलेला, 'का' असं विचारायचं असो वा नसो. मी दोनदा मोठ्यानं च्यक् केलं, तेव्हा पुढच्या माणसानं वळून पाहिलं.

खरा घोटाळा शेवटी झाला. नाटकाचा शेवट असा आहे. मुलगा घर सोडून कायमचा निघतो आणि दारात थांबून विचारतो, "आई, राहू का जाऊ?" आई प्रेक्षकांकडे पाठ करते. बराच वेळ काही बोलत नाही. मग तशीच पाठमोरी म्हणते, "जाय. कडी मी लावून घीन." पडदा.

ही पाठ फिरवणं आमच्या नाटकाची शान होती. अकोल्याच्या स्पर्धेत, पहिल्याच प्रयोगाला, परीक्षकांनी 'पाठीनं अभिनय करणारी अभिनेत्री' असं लिहून सिंधूला पदक दिलं. खरी गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत. त्या दिवशी ती वाक्य विसरली आणि मदतीसाठी विंगेकडे, माझ्याकडे वळली. माझी दोन पानं एकदम उलटली गेली होती. मी घामाघूम होऊन पान शोधतोय, ती उभी, प्रेक्षक चिडीचूप. शेवटी सापडलं आणि मी वाक्य दिलं. हिंमतरावांनी दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलं: 'आई पाठमोरी. वीसपर्यंत मोजावं.' तेव्हापासून ती वळायची, मी वाक्यावर बोट ठेवून मनात वीस मोजायचो आणि मग वाक्य द्यायचो. तिला पाठ होतं, तरी द्यायचो. नियम म्हणजे नियम.

सिनेमात काय केलं त्यांनी? पुण्याची ती बाई वळली, आणि कॅमेरा फिरून तिच्या समोर गेला. पडदाभर तोंड. डोळे भरले, ओठ थरथरले, मागे सारंगी. अकरांतली तीन-चार माणसं नाक पुसू लागली. मी कागदावर लिहिलं: 'झाकायचं तेच उघडं केलं.' मुद्दा नंबर सात. मी स्वतःवरच खूष झालो.

परतीच्या एसटीत मी सातही मुद्दे सिंधूला ऐकवले. ती खिडकीकडे बसली होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "मले एक सांगा."

"काय?"

"त्या पोरीचं तोंड तर आज समद्यायनं पाह्यलं. माहं कसं दिसे?"

"म्हणजे?"

"म्हंजे तवा. मी वळली का. लोकायनं पाठ पाह्यली. फोटोवाल्यायनं पाठच काढली. पेपरातल्या त्या कात्रणातबी अंबाडाच हाय. नातीनं इचारलं, आजी, तू यात कुठी हाय? इकडच्या बाजूनं तुमी एकलेच होते. म्हून तुमाले इचारतो. कसं दिसे माहं तोंड?"

"चांगलं दिसायचं," मी म्हणालो.

"चांगलं म्हंजे कसं? रडत होती का मी?"

पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला माहीत नाही म्हणणं जमत नाही. मी ठोकून दिलं, "डोळे भरून यायचे तुझे. पण गालावर एक थेंब उतरू द्यायची नाहीस. ती पोरगी तुझ्यापुढं काहीच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. मला वाटलं, समाधान झालं असेल.

शनिवारी भाषण लिहून झालं. ती ओसरीत मेथी निवडत होती, मी समोर बसून वाचून दाखवलं. सातव्या मुद्द्याला आवाज जरा खाली आणला. "'सिंधूताईंच्या डोळ्यांत उभं राहिलेलं ते पाणी बहात्तर वेळा पाहण्याचं भाग्य या जगात केवळ माझ्या वाट्याला आलं.'"

"ते खोडा," ती म्हणाली.

"काऊन?"

"पानी कधीच नव्हतं." तिचे हात चालूच होते. "पयल्या दिवशी भेव होतं. मंग चार-पाच प्रयोगायनं मले वाटलं, हे रोज एवढ्या जवळ बसते, पाहात असतीन. म्हून मी पाह्यलं तुमच्याकडे. तुमचं मुंडकं वहीत. मेहकरले मी तुमाले जीभ दाखवली. लोणारले डोया मारला, चांगला ठसक्यात. एक डाव तर नुसत्या ओठायनं म्हटलं, पाहा ना. बॅटरी वहीवर, बोट वहीवर. वर काही पाह्यलं नाही तुमी."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मंग?"

"मंग काय. सोडून देल्लं. मंग मीबी मोजू लागली. एक ते वीस." तिनं काड्यांचा ढीग बाजूला सारला. "त्याचं काही नाही. तुमचं काम होतं ते. पन मी बसमंदी खरंच इचारलं होतं. पाह्यलं नाही तर म्हनाचं ना, पाह्यलं नाही. मले लबाड काऊन सांगतलं?"

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मी बरा आहे. पण ती थकलेल्या आवाजात बोलत होती, एखाद्यानं खूप जुनं सामान माळ्यावरून उतरवून ठेवावं तसं. मला लाज वाटली. चाळीस वर्षांच्या संसारात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि वाटायला हवी होती असे प्रसंग बरेच झाले आहेत.

रविवारी चार वाजता वाचनालयात चाळीसेक माणसं जमली. हार, नारळ, मंजुश्रीचं प्रास्ताविक. सिंधू पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, पदर सारखा करत. मी उभा राहिलो, कागद उलगडला आणि सुतारानं केलेल्या चौकटीचा पहिला मुद्दा सांगितला. लोक हसले. दुसऱ्यालाही हसले. सातव्यापर्यंत असंच नेता आलं असतं. टाळ्यापण मिळाल्या असत्या, मला त्या हव्या होत्या.

मी कागदाची घडी केली.

"मंडळी," मी म्हणालो, "मला ही तुलना करता येणार नाही. सिनेमा मी परवा पाहिला. नाटक मी पाहिलेलं नाही."

लोकांना वाटलं, हा विनोद. मोठा हशा झाला. मी तो संपेपर्यंत थांबलो.

"बहात्तर प्रयोग मी वही पाहिली. शेवटी ही बाई तुमच्याकडे पाठ करून उभी राहायची, ती तोंड माझ्याकडे करून. मी वीस मोजत होतो. मान वर केली असती तर दिसलं असतं, कुणी अडवलं नव्हतं. आणि तिनं विचारलं तेव्हा मी पाहिलं म्हणून खोटं सांगितलं. तर तुलना करायला दोन्ही पाहिलेलं असावं लागतं. मी अर्धंच पाहिलंय. झालं माझं भाषण."

मी बसलो. आता कुणी हसत नव्हतं. मंजुश्रीला काय करावं सुचेना, म्हणून तिनं सिंधूला विनंती केली, "ताई, तुमी तरी या, शेवटचं ते वाक्य म्हना." सिंधू बसूनच म्हणाली, "नाही बाई, गुडघे दुखतात." मग आभार झाले.

आम्ही चालत घरी आलो. तिची चाल हळू झाली आहे, माझीही. दिवस मावळत होता. तिनं कुलूप उघडलं, आत पाय टाकला आणि दारातच थांबली. मग वळली, माझ्याकडे तोंड करून.

मी पायरीखाली, ती उंबऱ्यात. माझ्या हातात वही नव्हती. मी पाहिलं. कपाळावरचं गोंदण फिकं झालं होतं. उजव्या भुवईत एक जुना वण होता, जो मी कधी पाहिल्याचं मला आठवेना. डोळ्यांत पाणी नव्हतं, हसूही नव्हतं. मी मोजलं नाही, पण वीसच्या वर झाले असतील.

"पाह्यलं?" तिनं विचारलं.

"हो."

"कसं दिसते?"

या वेळी मी ठोकून दिलं नाही. "दमलेलं," मी म्हणालो. "वाट पाहून दमलेलं."

"हाव," ती म्हणाली. "तवाबी असंच होतं. या आत, कडी लावा."