दूध झोपलं

गाडी चालू असताना बाई झोपल्या. म्हणजे गाडी त्या चालवत नव्हत्या, शिकवत होत्या. पण त्याने फारसा फरक पडत नाही.

चालवत होते शिंपीकाका. उभा जन्म शिलाई मशीनचं पायडल मारण्यात गेलेला. आता दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "सरळ चला, मी सांगेन तेव्हा डावीकडे घ्या," आणि त्यानंतरचं त्यांना काही आठवेना. डोळे उघडले तेव्हा दुकानं संपली होती, इमारती संपल्या होत्या, दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं आणि शिंपीकाका स्टिअरिंग गच्च धरून, मान ताठ करून, सायकलच्या वेगाने सरळ चालले होते.

"काका! कुठे आलो आपण?"

"मला काय माहीत? तुम्ही वळा म्हणाल म्हणून वाट बघतोय."

"मग मला उठवायचं नाही का?"

"मॅडम, मी आरसा बघू, गिअर बघू, की तुम्हाला उठवू? आणि खरं सांगू का, इतक्या गाढ झोपला होता, उठवायचं जिवावर आलं."

बाई खळखळून हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या अंगावर काटा आला. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. इतका वेळ त्या ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि परत येताना स्वतः चालवली. दुपारच्या सगळ्या शिकाऊंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. घराच्या गल्लीत शिरेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. रात्रीचं दूध बंद.

दूध गुंडीचं. गुंडी म्हणजे बाईंची दीड वर्षाची लेक. तान्ही असताना कडेवर घेणाऱ्याच्या शर्टाची गुंडी मुठीत धरायची ती सोडायची नाही, म्हणून हे नाव. दिवसा तिची काही तक्रार नसे. अंडं खाई, बटाटा खाई, बापाच्या ताटातलंही ओढून खाई. रात्र झाली की मात्र तिला दर थोड्या वेळाने आई लागे. डोळेही न उघडता ती चाचपडत येई, दोन घोट पिई आणि झोपे. बाईंचा मात्र डोळ्याला डोळा लागत नसे. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं, "वजन छान आहे, खाते व्यवस्थित. रात्री तिला दूध लागत नाही, तुम्ही लागता. हळूहळू सोडवा. फक्त तिला एकटीला रडत टाकू नका." बाईंनी मान डोलावली होती आणि काहीही केलं नव्हतं. अर्ध्या झोपेत कोण वाद घालणार? त्यापेक्षा पाजणं सोपं होतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाईंनी घरातल्या दोघांना समोर बसवलं. एक नवरा, सुतार, दिवसभर कारखान्यात दारं-खिडक्या करणारा. दुसरी त्याची आई, म्हणजे गुंडीची आजी. झालेला प्रकार बाईंनी काहीही न लपवता सांगितला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

"आता असं करायचं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळचं दूध मी पाजणार, पण पलंगावर नाही. स्वयंपाकघरात, खुर्चीत, दिवा चालू ठेवून. मग दात घासायचे, आणि झोपवायचं तू."

"मी?" नवरा म्हणाला. "ती माझ्याजवळ दोन मिनिटं राहायची नाही!"

"दिवसभर तुझ्याच मानेवर बसलेली असते."

"तेव्हा उजेड असतो गं."

"अंधारातही बाप तोच असतो."

"लेकरू रडेल," आजी म्हणाली. "मला नाही ऐकवायचं."

"रडेल, आई. पण कुणाच्या तरी कुशीत रडेल. मी गाडीत झोपले आणि काही झालं असतं, तर मग काय ऐकलं असतं तुम्ही?"

आजी उठली आणि बाहेरच्या सोफ्यावर बाईंसाठी चादर घालून आली. बाईंना कळलं, घर आपल्या बाजूला आलं.

त्या रात्री खुर्चीत दूध पाजून झाल्यावर बाईंनी गुंडीला समोर बसवून सांगितलं, "आता दूध झोपणार. तू झोपणार, बाबा झोपणार, दूधपण झोपणार. बाहेर उजेड झाला की दूध उठणार." गुंडीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि "हो" म्हणाली. गुंडी त्या दिवसांत कशालाही हो म्हणायची.

पहिल्यांदा जाग आली तेव्हा तिला उशाशी बाप सापडला. मग जो टाहो फुटला, तो बंद दारातून, भिंतीतून, सोफ्याच्या उशीतून आरपार आला. बाई ताडकन उठून बसल्या. छाती दगडासारखी झाली होती, आणि तो आवाज ऐकून अंगातला झगा ओला व्हायला लागला. आजीही उठून आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. दोघी दाराकडे बघत राहिल्या.

"जाऊ का?" आजीने विचारलं.

"नको. आपण गेलो तर त्याला कधीच जमणार नाही."

आतून नवऱ्याचा आवाज आला. आधी "अगं अगं, हो हो, बाबा आहे ना," असं काहीबाही. मग पाणी पाजल्याचा आवाज, मग फेऱ्या. मग त्याने गायला सुरुवात केली, पण त्याला अंगाई एकही येत नव्हती, गळाही बेताचाच. दोन ओळींत गाणं संपलं. रडणं काही संपलं नाही. तेव्हा तो घाईघाईत जे तोंडात येईल ते म्हणू लागला: "रंधा, करवत, पटाशी. हातोडी, कानस, पक्कड. रंधा झोपला, करवत झोपली, पटाशी झोपली..."

आजीने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते बाईंना कळेना.

हळूहळू आतला टाहो हुंदक्यांवर आला. एका हुंदक्यानंतर बारीक आवाज आला, "अजून." आणि नवऱ्याने कारखान्यातलं उरलंसुरलं सगळं सामान एकेक करून झोपवलं. स्क्रू झोपले, खिळे झोपले, सरसाचा डबा झोपला. बाईंनी न्हाणीघरात जाऊन छातीचा ताण कमी होईल एवढंच दूध पिळून काढलं आणि सोफ्यावर अंग टाकलं. गुंडी पुन्हा उठली, पुन्हा रडली, पण पहिल्याइतकी नाही.

सकाळी नवरा बाहेर आला तो डोळे लाल, केस उभे, आणि चेहऱ्यावर मोठा पराक्रम करून आल्याचा भाव. "झोपली," म्हणाला. "माझ्याजवळ झोपली!" गुंडी मागून लुटुलुटु आली, खिडकीकडे बोट करून तिने आईचा झगा ओढला, आणि बाईंनी कबूल केल्याप्रमाणे तिला पोटभर पाजलं.

पुढच्या रात्री कमी रडणं झालं. मग आणखी कमी. आठवडा संपता संपता ती एकदाच उठायची, पाणी प्यायची, बापाच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. बाई पलंगावर परतल्या, अर्थात भिंतीच्या कडेला, नवऱ्याच्या पलीकडे.

आणि नेमकी तेव्हाच गुंडीला सर्दी झाली, ताप चढला. नाक चोंदलेलं, अंग चटचटणारं, आणि तोंडात एकच शब्द, "दूदू." बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. जवळ घेतलं, मागेल तेव्हा पाजलं, रात्री-अपरात्री, मोजदाद न करता.

ताप उतरला, पण सवय राहिली. नवऱ्याने डोक्याला हात लावला. "गेली सगळी मेहनत पाण्यात!"

"काही गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे येणारे शिकाऊ पावसाळ्यात महिनाभर सुटी घेतात. परत येतात तेव्हा पहिल्या दिवशी गाडी बंद पाडतात आणि तिसऱ्या दिवशी चालवायला लागतात. शिकलेलं असतंच आत."

बोलल्या ठामपणे, पण त्याच रात्री नवऱ्याला कारखान्यात थांबावं लागलं. एका शाळेची दारं सकाळी बसवायची होती. आजी म्हणाली, "मी झोपवते." बाई म्हणाल्या, "नको आई. आज मीच बघते." बाप जवळ असताना न मागणं वेगळं आणि आई जवळ असून न मागणं वेगळं. कधी ना कधी हे करावंच लागणार होतं.

गुंडी उठली. अंधारात तिचा हात चाचपडत आईच्या गळ्याशी आला.

"दूदू."

"दूध झोपलं गं राणी. उजेड झाला की उठेल."

"दूदू!"

"मी आहे ना. ये कुशीत."

गुंडी संतापली. दूध इथेच आहे, आई इथेच आहे, आणि तरी मिळत नाही, हा कुठला न्याय? तिने पाय झाडले, आईला ढकललं, पाण्याची वाटी उडवली. बाईंनी तिला सोडलं नाही आणि गळ्याचं बटणही उघडलं नाही. पाठीवरून हात फिरवत त्या तेवढंच म्हणत राहिल्या, "हो, राग आलाय. खूप राग आलाय. मी आहे." एकदा वाटलं, द्यावं, काय होतंय एका रात्रीने? पण आता दिलं तर एवढं रडवल्यावर दिल्यासारखं होईल, आणि उद्या ती याहून जास्त रडेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रडणं थांबलं ते एकदम. गुंडी उठून बसली. खिडकीकडे बघितलं. बाहेर काळोख. मग तिने आपला छोटा तळवा आईच्या छातीवर ठेवला आणि थोपटायला लागली.

"दूदू... जो जो," ती म्हणाली. "जो जो."

मोठी माणसं तिला थोपटतात तसं, अगदी मन लावून, ती दुधाला झोपवत होती. बाईंनी श्वास रोखून धरला. थोपटता थोपटता हात मंदावला, डोकं कलंडलं, आणि छातीवर हात तसाच ठेवून गुंडी झोपून गेली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, पण आवाज म्हणून त्यांनी काढला नाही.

त्यानंतर गुंडी रात्री कधी उठली तरी कूस बदलून पुन्हा झोपे. उलट आईबापांचीच पंचाईत झाली. शांततेची सवय नसल्याने दोघं टक्क जागे.

"श्वास घेतेय ना?" नवरा कुजबुजायचा.

"घेतेय. झोप आता."

मग तो उठून बघून यायचाच.

एके दिवशी बाईंना जाग आली ती लख्ख उन्हात. धडपडत उठल्या. पलंगावर कुणी नाही, दार ओढून घेतलेलं. स्वयंपाकघरात आजी गुंडीला केळं भरवत होती आणि गुंडीने अर्धं केळं गालाला, अर्धं केसांना लावलं होतं.

"आई, मला उठवलं का नाही?"

"कशाला? ती बघ, मजेत आहे."

गुंडीने आईकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा वाटीत बोटं घातली. दूध मागितलंच नाही. बाईंच्या काळजात बारीकशी कळ उठली. त्या दारात उभ्या राहून लेकीचं खाणं बघत राहिल्या. मग केसांचा बुचडा बांधला, तोंड धुतलं आणि कितीतरी दिवसांनी आरशातल्या बाईकडे नीट बघितलं. बरी दिसत होती. खुंटीवरची गाडीची किल्ली उचलून त्या गुंडीच्या केळ्याने बरबटलेल्या गालाचा मुका घ्यायला वाकल्या.

"येते गं मी."

"हो," गुंडी म्हणाली.