अकरा इंचांचा पंखा

मी एक जुना पंखा आहे. पण मित्रांनो, वर बघू नका, मी छताला नसतो. छोट्या होडीच्या मागे इंजिन टांगतात ना, त्याच्या खालच्या टोकाला मी पाण्यात गरगरतो. साच्यातून निघालो तेव्हाच माझ्या अंगावर आकडा उठवला होता, अकरा. माझ्या एका गिरकीत होडी अकरा इंच पुढे ढकलायची, एवढंच मला ठाऊक होतं.

माझा मालक माणसांना नदीपार नेतो. दुकानात त्याने मला आणि शेजारच्या नऊ आकड्याच्या पंख्याला हातात घेऊन पाहिलं. "मोठा आकडा, मोठा वेग," म्हणत मला उचललं. मी हुरळून गेलो.

मग माझा गोंधळ सुरू झाला. रोज सकाळी मालक एकटाच बसून चाचणी घ्यायचा, कारण प्रवाशांना त्रास नको. होडी सुसाट निघे आणि मला शाबासकी मिळे. तासाभराने सहा माणसं आणि त्यांची बोचकी चढली, की इंजिन धापा टाकू लागे आणि होडी हलता हलेना. मग मला शिव्या! तोच मी, तेच पाणी. सकाळी गुणाचा आणि तासाभराने करंटा? मला काही कळेना. मालकालाही कळेना. त्याने इंजिनाचे प्लग बदलले, तेल बदललं. प्रवासी दुसऱ्या होडीने जाऊ लागले. शेवटी हताश होऊन त्याने होडी विकायला काढली. शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं.

शुक्रवारी त्याची धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन आली. ती शिवणयंत्रं दुरुस्त करते.

"दादा, एकटा बसून काय बघतोस? होडी काय एकट्यासाठी घेतलीस?"

"मग काय करू?"

"आम्हाला बसव की!"

तिने आई, काका, काकू, शेजारी अशी सगळी फौज गोळा केली. "अहो, तुम्ही मध्ये बसा, नाहीतर होडी कलेल," असं नवऱ्याला बजावलं. मालकाने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. तिचं लक्ष इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतं ते दाखवणाऱ्या काट्यावर होतं.

"पाच हजारांवर जायला हवा, साडेतीनवरच अडलाय. इंजिन ठीक आहे रे. हा पंखा लांब ढांगा टाकतो, आणि एवढं ओझं घेऊन इंजिनाला त्या झेपत नाहीत."

दुपारी नऊचा पंखा आला. तीच माणसं घेऊन होडी भरकन निघाली. मालकाने तोंड फिरवून डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवून टाकलं. मला आनंद झाला, आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, कोण जाणे.

मित्रांनो, पंखा घ्याल तेव्हा आकड्याला भुलू नका. रोजची माणसं, रोजचं सामान होडीत बसवा आणि मग काटा बघा.

मी चांगला की वाईट, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी मालकाने माझ्या पात्यांवरचा चिखल पुसला, मला फळीवर ठेवलं आणि हळूच म्हणाला, "चूक माझी होती रे. तुला उगाच शिव्या घातल्या."