विहिरीकडे वळणारी मान

निकिताची मान वळू लागली आणि विहिरीभोवती जमलेले लोक मागे सरकले. नऊ वर्षांची पोर, डावा हात ताठ, डोळे विहिरीवर खिळलेले. मुकुटबनजवळच्या या गावात मी शाळामास्तर आहे, भुतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी खरं सांगतो, त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला. याच विहिरीत तिची आत्या सुखीबाई बुडून मेली होती.

"आत्या बलावून राह्यली भाचीले," भूत उतरवणारा रामधनबाबा म्हणाला. "मी वर बोललो, मंजुरी आली. अमावस्येले पोरीले विहिरीत डुबक्या द्या." जणू स्वर्गातल्या तहसीलदाराशी याची रोजची उठबस!

निकिताच्या आईने, विमलताईंनी, होकाराची मान हलवली. मला तर ही फिट वाटत होती; पाण्यात तसा झटका आला असता तर पोर वर आलीच नसती. मी हातापाया पडून मायलेकींना नागपूरला नेलं.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर गझालांनी निकिताच्या डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी घातली, समोर कॅमेरा लावला. दुपारी झटका आला. मान डावीकडे वळली. तिकडे कोरी भिंत होती.

"इथं बी आली," विमलताई पुटपुटल्या.

मग मेंदूचं चित्र काढलं. कुठे चिरफाड नाही, टाका नाही. त्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "इथं, उजवीकडे, बारीक डाग आहे. झटका इथून उठतो. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते, म्हणून मान डावीकडेच वळते."

"मंग गावात विहिरीकडंच काहून पाह्यते?"

"बाबा कसं बसवतो तिला?"

"पाटावर, पूर्वेकडं तोंड करून. पूजेले बसतेत तसं."

मी मनातल्या मनात त्या पाटावर बसलो. पूर्वेला तोंड, म्हणजे डावा हात उत्तरेला. आणि पाटाच्या उत्तरेला विहीर! जागा बाबानेच निवडली होती.

"रात्रभर जागवतो का? सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या फिटच्या गोळ्या बंद करतो?"

"हो. गोळीनं आत्या लपते म्हणे."

"जागरण झालं, गोळी चुकली की झटका येतो. तो टिपायला आम्हीही गोळी कमी केली, तिला जागवलं. पण औषध हाताशी ठेवून. बाबा हेच तमाशासाठी करतो."

विमलताई चित्राकडे पाहत राहिल्या. "म्हंजे सुखी रागावून आली नव्हती? ती बुडाली त्याच्या आदल्या दिवशी मी तिले लय बोलली होती."

"ती आलीच नव्हती, ताई," डॉक्टर म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्या रडल्या. सुखीबाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

अमावस्येला निकिता गोळी घेऊन आईजवळ झोपली. बापहो, गेलेल्या माणसांसाठी खुशाल रडा. पण लेकराला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या.