मुंगी मेली

मोजा उलटा करताना बोटांना काहीतरी कडक लागलं. आत, अगदी पंज्याच्या टोकाशी, एक चिंधी होती: दोन बोटं रुंद, पिवळ्या फुलांची, मध्ये ताठ झालेली. तिनं ती खिडकीशी नेली. तपकिरी डाग, आणि त्याच्या कडेनं फिकट पिवळसर वलय… म्हणजे नुसतं रक्त नाही. चिंधीची टोकं गाठीनं नव्हे, पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यानं जोडलेली होती. लांब, सैल, एका ओढीत निघणारा टाका, पक्की शिवण मारण्याआधी घालतात तसा.

मोजा खारूचा. खारू म्हणजे तिची सात वर्षांची मुलगी. खडे, पेन्सिलींचे तुकडे, अर्धी बिस्किटं, काय काय कुठे कुठे लपवून ठेवायची, म्हणून बापानं ठेवलेलं नाव. पण खडे लपवणं वेगळं.

तिनं नळ बंद केला. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर तिच्याच अक्षरात तीन शब्द होते — धुवा, दाबा, झाका — आणि आत, पुठ्ठ्यावर, बाकीचं: भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून, नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे. जाळीदार पट्ट्यांची पाकिटं मुदतीच्या तारखेप्रमाणे लावलेली. सगळी जागच्या जागी. दोन महिन्यांत एकही पाकीट फुटलं नव्हतं, आणि याचा तिला — हे आता आठवून कानाच्या पाळ्या गरम झाल्या — चक्क आनंद झाला होता. पोर सांभाळून खेळायला लागली, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढलेली बाई ती. तिथे एखाद्या नमुन्याचा आकडा शून्य आला की तिची पहिली शंका उपकरणावर जायची. घरात शून्य आला तेव्हा गेली नाही. इथलं उपकरण मीच होते, मग कशी जाणार…

चिंधी मुठीत घेऊन ती जिना उतरली. खारू वरच्या मजल्यावर मैत्रिणीकडे होती. जेवायच्या वेळेपर्यंत यायची नाही.

तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी राहायच्या. सुट्टी असली तरी मशीन चालूच.

“ही तुमची का?” तिनं विचारलं.

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. “फुलं माझी. रक्त तुमच्याकडचं.”

“कधी?” आणि मग, न थांबता, “कुठे पडली? कशावर?”

“बसा आधी. बुधवारी, मागच्या पायरीवर. गुडघा. धावत येऊन पडली, बाकी काही नाही.”

“मला सांगितलं नाहीत तुम्ही.”

“ती म्हणाली, सांगू नका. मी म्हटलं, अगं, आई आहे तुझी, पोलीस नाही. तर म्हणते, आई आधी पंचनामा करते.”

पंचनामा हा शब्द नवऱ्याचा. खारूला काही लागलं की तो दारातून विचारायचा, झाला का पंचनामा? आणि तिलाही हसू यायचं, कारण ते खरंच होतं. प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीला हात लावायच्या आधी चिठ्ठी भरायची: कुठून, किती वाजता, कोणी घेतला. चिठ्ठी नसलेल्या बाटलीला काही किंमत नसते. पण बाटली रडत नाही. कुठे लागलं, कशानं, लोखंड होतं का, किती वेळ झाला — ती विचारायची शांतपणे, हळू आवाजात, आवाज चढवला नव्हता कधी. म्हणूनच तिला वाटत राहिलं की आपण चांगलं करतो आहोत.

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? मुंगी मेली, म्हटलं. कुठे, कुठे, करत वाकली बघायला, तोवर मी गुंडाळलं.”

“धुतलं नाही?”

“पुसलं की. ओल्या फडक्यानं.” मावशींनी दोरा दातानं तोडला. “चिंधी बांधली ती चूक झाली असेल माझी. मुंगी मात्र नाही हो चुकली.”

वर येताना ती जिन्यात मध्येच थांबली.

मुंगी मेली. तिची आईही हेच म्हणायची. पडलीस? उठ, बघ बाई, तुझ्याखाली मुंगी मेली बिचारी… आणि ती खरंच बघायची. रडणं अर्धवट सोडून, नाक ओढत, फरशीची एकेक फट तपासायची, गुडघ्यावरून रक्त ओघळत असायचं तिकडे लक्ष नाही. इतकं बारकाईनं बघायला ती कुठे शिकली, असं पुढे एका शिक्षकांनी विचारलं होतं; तेव्हा तिला उत्तर सुचलं नव्हतं. मोठेपणी मात्र तिनं ठरवलं, आपल्या मुलीशी असं खोटं बोलायचं नाही. लागलंय तर लागलंय म्हणायचं. फुंकर नाही, तोंडातले जंतू जखमेत जातात. हे सगळं बरोबरच होतं — अजूनही आहे — आणि लहानपणी एकदा ती मुंगी खरंच सापडली होती. चिरडलेली, वाकडी. तिनं ती तळहातावर आईला नेऊन दाखवली आणि मग जी रडली, ते गुडघ्यासाठी नव्हे. शेवटी आईनं त्या मुंगीवरच हळूच फुंकर घातली. मुंगी तळहातावरून उडून गेली. कुठे गेली ते दोघींनीही पाहिलं नाही.

खारू आली तेव्हा चिंधी टेबलावर होती. खारूनं ती पाहिली, मग आईकडे, मग दाराकडे.

कुठे, कधी, कशानं… प्रश्न जिभेवर रांगेत उभे राहिले. तिनं नळ सोडला. साबणानं हात धुतले. “बस,” एवढंच म्हणाली.

गुडघ्यावरची खपली एका कडेला ओली होती, भोवती अंगठ्याएवढी लाली, आणि हात लावल्यावर गरम. तिनं स्वच्छ पाणी सोडलं, बराच वेळ सोडत राहिली. खारूनं ओठ आत ओढून घेतले होते. रडू येऊ नये म्हणून नाही, बोलावं लागू नये म्हणून. हे तिला कळलं आणि पाण्याचा तांब्या हातात जरा जड झाला. जखम झाकली. मग पेन घेऊन तिनं लालीच्या कडेकडेनं एक बारीक रेघ ओढली.

“हे काय गं?”

“लाली उद्या रेघेच्या आत राहिली तर बरं होतंय. बाहेर आली, नाहीतर ताप आला, तर डॉक्टरांकडे.”

“तू रागावणार?”

“नाही.”

“मावशींना?”

“त्यांनाही नाही.”

पुढच्या वेळी मला सांगशील ना, हे वाक्य तयार होतं. पण त्यालाही चिठ्ठीचाच वास येत होता. खाली सही करा म्हटल्यासारखा. ते तिनं ठेवून दिलं. डबा बंद करताना झाकणावरचे तीन शब्द पुन्हा वाचले. धुवा. दाबा. झाका. तिन्ही बरोबर. यांच्या आधी काहीतरी हवं होतं, आणि त्याला नेमका शब्द तिला सापडत नव्हता.

“आई,” खारू म्हणाली, “ती मेली होती का खरंच? मला दिसलीच नाही.”

नाही, मुंगी वगैरे काही नव्हती… हो, मेली असणार… दोन्ही उत्तरं तिच्याजवळ होती, आणि आज दोन्ही नकोशी वाटली.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “बघायला हवं.”

मागच्या पायरीवर उन्हाचा एक पट्टा होता. ती उकिडवी बसली. खारू पाय ताठ ठेवून शेजारी. फटीतून मुंग्यांची रांग भिंतीकडे चालली होती, कुणालाच कशाची खबर नसल्यासारखी. खारू मोजायला लागली, चुकली, पुन्हा सुरुवातीपासून.

“सगळ्या जिवंत आहेत गं.”

“दिसतंय खरं.”

“पण ती बुधवारची होती.”

“हो. बुधवारची वेगळी.”

खारू थोडी सरकली. खांदा खांद्याला टेकला. गुडघा दुखत होता म्हणून, की उगीच, ते समजायला मार्ग नव्हता. मग खारूनं डाव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या मागे एक गुळगुळीत, गुलाबी व्रण होता. जुना. महिनाभराचा तरी.

“हे पण,” खारू म्हणाली.

“हे कधी —”

ती थांबली. मुंग्या चालत होत्या. खारूनं बाही तशीच वर धरून ठेवली होती, आणि ती काहीही न विचारता त्या व्रणाकडे बघत राहिली, लहानपणी फरशीच्या फटींकडे बघायची तशी… दुखणं कुठे गेलं ते कळत नसे, आणि बघणं तेवढं उरत असे.