घोडेनाथाचा हौद

मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजीपेक्षा अधिक गर्दी घोडेनाथ महाराजांच्या हौदाभोवती असते. महाराजांच्या शास्त्रानुसार काही बायकांच्या छातीत पिशाच्च घोड्यावर बसून येते आणि काळीज मिनिटाला दोनशे टापांनी धावू लागते. घोडा धावत असतानाच बाईला आणायचे, हा मठाचा दंडक. महाराज तिची मान धरून चेहरा ‘हिमालयाच्या जलात’ बुडवतात. हा हिमालय पहाटे बर्फाच्या कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळून येतो. घोडा थांबतो, बाई उठते, गर्दी लोटांगण घालते.

घोडा खरोखरच थांबतो, हे आधी मान्य केले पाहिजे. माझी थोरली बहीण तानाबाई हिचाही सहा वेळा थांबला होता. सातव्या वेळी तो थांबेना, आणि महाराजांनी मान सोडली नाही. तिची तडफड म्हणजे पिशाच्चाचे शेवटचे झटके, असे त्यांनी जमलेल्यांना समजावून सांगितले. त्या दुपारी मी अमरावतीच्या एका ग्रंथालयात श्रद्धेच्या समाजशास्त्रावर टिपणे काढत होतो.

ती गेल्यावर तिच्या कागदांत हृदयाचे पाच आलेख सापडले. पाचही निर्दोष. त्यानंतर अकरा वर्षे मी समाजशास्त्र सोडून हृदय वाचले.

यंदा पाळी आमच्या गल्लीतल्या सुवर्णाची होती. तिच्या सासूने, रुक्मिणीबाईंनी, ठरवून टाकले होते: हा शेवटचा हौद, घोडा पुन्हा आला तर सून कायमची मठात आणि तिची दोन वर्षांची मुलगी घरी. बाजाराच्या दिवशी सुवर्णाला धरधरून आणले गेले तेव्हा हौदापाशी मी उभा होतो. सोबत परिचारिका धम्मशीला आणि तिच्या पिशवीतले आलेखाची पट्टी काढणारे छोटे यंत्र.

“जानराव सर, तुमी मधात नका येऊ,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “चार डॉक्टर झाले. पट्टी काढली का साफ! डॉक्टरले दिसत नाही, म्हंजे बाहेरचंच ना?”

“पट्टी कधी काढली, काकू? हौदाच्या आधी का नंतर?”

“आधी कशी काढतीन? जीव चालला असते तिचा! आधी हौद, मंग दवाखाना.”

साऱ्या तालुक्याची चूक या एका वाक्यात होती. घोडा हौदावर थांबवायचा आणि मग रिकामा तबेला डॉक्टरला दाखवायचा.

महाराज हसले. “काढ बे मास्तर, काढ पट्टी! पिशाच्च कागदावर बसते का, पाहू दे लोकायले!”

या अहंकारावरच माझी भिस्त होती. धम्मशीलाने तारा लावल्या. कागद सरसरत बाहेर आला: मिनिटाला दोनशे दहा.

“बसलं, महाराज,” ती म्हणाली.

मग तिने सुवर्णाच्या तोंडात सुई काढलेली रिकामी सिरिंज दिली. “फुक. जोर लाव. अजून, अजून!” पंधरा सेकंदांनी तिला आडवी करून पाय उंच धरले. कागदावरच्या दाट रेषा एकाएकी विरळ झाल्या: अठ्ठ्याऐंशी.

“मंतर कोणता म्हटला वो मॅडम?” गर्दीतून कोणी विचारले.

“मंतर नाही, भाऊ. मेंदूकडून काळजाकडे एक नस जाते. असा जोर लावला, नाहीतर तोंडावर गारेगार पाणी लागलं, का ती ब्रेक लावते. पण ब्रेकनं रोग जात नाही.”

“भूत लपलं!” महाराज गरजले. “अमावस्येले पाहा!”

“लपलं असेल तर नागपूरला शोधू,” मी म्हणालो.

सुवर्णा उठून बसली. “मले न्या, सर. पोरीपाशी परत येनं हाये मले.”

नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेल्या. विजेची लहर कोणत्या बिंदूला केव्हा पोहोचते, हे टिपून संगणकाने हृदयाचा रंगीत नकाशा काढला: आधीची जागा लाल, सर्वांत शेवटची जांभळी. जन्मापासूनची एक चोरवाट लाल ठिपक्याशी उघडी पडली. विजेची लहर तिच्यातून मागे फिरून गोल गोल धावत होती. तारेच्या टोकाने तेवढीच जागा भाजली. मग डॉक्टरांनी घोडा मुद्दाम पळवून पाहिला. तो पळाला नाही.

पुढच्या बाजारी मी नकाशा घेऊन मठात गेलो, पोलिसांसह. तानाबाईच्या वेळी गप्प राहिलेल्या दोघींनी या वेळी जबाब दिले होते. त्यांतल्या एक रुक्मिणीबाई.

महाराजांनी छाती धरली. “धडधडून राह्यलं हो... दवाखान्यात न्या मले!”

“महाराज, हौद भरलेला आहे,” मी म्हणालो. “बर्फ आजचाच आहे.”

“नको! हौद नको!” त्यांनी पोलिसांच्या जीपचे दार दोन्ही हातांनी घट्ट धरले.

हे वाक्य पूर्ण बाजाराने ऐकले. धम्मशीलाने त्यांचीही पट्टी काढली: एकशे वीस, निव्वळ भीती. मग दवाखान्यात नेले. आम्ही कोणाची मान धरत नाही.

महाराजांचा तो कागद मी तानाबाईच्या पाच आलेखांशेजारी ठेवला आहे. वाचकहो, छातीत घोडा धावू लागला तर तो धावत असतानाच दवाखाना गाठा आणि पट्टी तेव्हाच काढा. यंत्राला दिसले नाही, एवढ्यावरून भूत ठरवू नका. यंत्र केव्हा लावले होते, ते आधी विचारा. माझ्या बहिणीसाठी हा प्रश्न कोणीही विचारला नाही. मीही नाही.