मिशा लावलेली विरहिणी

वहिनींनी परसातली झाडी कापणं बंद केलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाटलं की बाई थकल्या. बाई थकल्या नव्हत्या. बाई सूड उगवायची वाट बघत होत्या, आणि काटेरी झुडपाला कुणाच्या रागाची घाई नसते.

घर दुमजली. खाली रस्त्याच्या अंगाला चष्म्याचं दुकान, त्यामागे स्वयंपाकघर, त्यामागे परस. हे सगळं वहिनींचं. वरचा मजला धाकट्या दिराचा. दीर समीक्षक होते, अविवाहित होते, आणि गल्ली त्यांना ‘आचार्य’ म्हणत असे. ही पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांच्या निजायच्या खोलीची खिडकी बरोबर परसावर उघडायची. वाटणीच्या वेळी ती खोली त्यांनी भांडून घेतली होती.

आचार्यांचा सगळा लौकिक एका पक्ष्यावर उभा होता. नाइटिंगेलवर. कवितेतली नाइटिंगेल ही बाई असते. दुष्ट राजाने जीभ कापल्यावर पक्षी होऊन रात्रभर विलाप करणारी, नाहीतर गुलाबावर जीव जडून काट्याला छाती लावून गाणारी. या बाईवर आचार्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, तिच्यासाठी भर सभेत डोळे पुसले. प्रत्यक्ष पक्षी मात्र त्यांनी कधी ऐकला नव्हता, कारण ते जेवले की झोपत.

वहिनींचे यजमान, म्हणजे आचार्यांचे दादा, चष्मे करत. सुट्टी मिळाली की नदीकाठच्या झाडीत जाऊन नुसते ऐकत बसत. आयुष्यात त्यांनी एकच कवितासंग्रह काढला. त्यातल्या नाइटिंगेलच्या कवितेत पक्षी नर होता. तो रडत नव्हता, बायको शोधत होता आणि जमलंच तर शेजारच्या नरांना दम देत होता. खरं तर असंच असतं. गातो तो नर, आणि रात्र रात्र घसा फोडतो तो बहुधा बिनलग्नाचा.

धाकट्या भावाने वर्तमानपत्रात परीक्षण लिहिलं: ‘या कवींचा धंदा चष्म्याचा आहे. त्यांनी लोकांच्या डोळ्यांकडे पाहावं, कानांच्या वाटेला जाऊ नये. नाइटिंगेल ही विरहिणी आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. या गृहस्थांनी तिला मिशा लावल्या आहेत.’

गावाला मिशा फार आवडल्या. गिऱ्हाईक दुकानात शिरताना विचारू लागलं, “काय, मिशीवाली कशी आहे?” दादा हसायचे. हसता हसता ते लिहायचे थांबले, आणि थांबले ते थांबलेच. शेवटच्या आजारात वहिनींनी एकदा विचारलं होतं, “एखादी ओळ सुचतेय का? मी उतरवून घेते.” तर म्हणाले, “नको गं. तिलाही मिशा फुटायच्या.”

दादा गेल्यावर दुकान वहिनी चालवू लागल्या. आचार्यांचे चष्मेही त्याच करत. एखादा नंबर इकडचा तिकडे केला असता तर समीक्षक जिन्यावरून गडगडत खाली आले असते. पण चुकीची काच देणं हा सूड नव्हे, ती धंद्याशी बेइमानी. वहिनींना एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडाने मिशा लावल्या, त्याच तोंडाने त्या चारचौघांत काढायच्या.

दादांनी सांगून ठेवलं होतं की या पक्ष्याला गुलाबबिलाब काही लागत नाही. खाली किडे टिपायला ओला पाचोळा आणि वर मांजर शिरणार नाही असं काटेरी गचपण असलं की तो आलाच म्हणून समजावं. वहिनींनी पाचोळा झाडणं सोडलं. काट्यांच्या वेली कुंपणावरून आत वळवल्या. पहिल्या वसंतात कुणी आलं नाही. दुसऱ्या वसंतात आला.

सकाळी आचार्य धावत खाली आले. “वहिनी! ऐकलंत का? ती आली! माझ्या सज्ज्यातल्या गुलाबाच्या कुंडीसाठी आली!”

“तुमच्यासाठीच आली, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. त्या शक्यतो खोटं बोलत नसत.

इथे आचार्यांनी ती चूक केली, जी फक्त तेच करू शकत होते. त्यांनी वर्तमानपत्राला बोलावलं. कुंडीला टेकून फोटो काढून घेतला आणि छापून आणलं: ‘तिचा एकही स्वर मी वाया जाऊ देणार नाही.’

लांबून ऐकलेली नाइटिंगेल म्हणजे मध. उशाशी ऐकलेली नाइटिंगेल म्हणजे शिट्टी, करवत आणि फुटलेला नळ यांची जुगलबंदी. क्षणभर थांबते, माणसाला वाटतं संपलं, आणि मग नव्या दमाने सुरू. आचार्यांनी कानात कापूस घातला. डोक्यावर उशी घेतली. पुढच्या खोलीत पलंग न्यावा, तर तिथे जमिनीपासून छतापर्यंत नाइटिंगेलवरचे ग्रंथ.

काही दिवसांनी ते दुकानात आले. डोळे तांबडेलाल.

“नंबर वाढलाय बहुतेक. अक्षरं नाचतात.”

वहिनींनी त्यांना स्टुलावर बसवलं, तपासणीची चौकट नाकावर चढवली, काच बदलली. “खालून दुसरी ओळ वाचा.”

आचार्यांची मान छातीवर कलली.

“भाऊजी, भिंतीवर अक्षरं आहेत. उशी नाही.”

आचार्य दचकून जागे झाले.

“नंबर आहे तोच आहे. झोप होते ना?”

“झोप? त्या स्वरांपुढे झोप म्हणजे काय चीज आहे!” असं म्हणून त्यांनी एवढी जांभई दिली की वहिनींना त्यांच्या अक्कलदाढा मोजता आल्या.

“नाही, लोक विचारत होते. पक्ष्याचा त्रास होतो का म्हणून.”

“कोण? कोण विचारत होतं? काय सांगितलंत?”

“म्हटलं, छे. आमचे भाऊजी एक स्वर वाया जाऊ देत नाहीत.”

आठवडाभराने ते पुन्हा आले आणि दुकानाचं दार आतून लावून कुजबुजले, “वहिनी, परसातलं ते गचपण... म्हणजे तुमच्यासाठी म्हणतो हो. साप, विंचू. तुम्ही एकट्या.”

“कापते की. आज कापते,” वहिनी म्हणाल्या. “त्याआधी तुमच्या दादांची कविता सभेत वाचा, आणि माझं परीक्षण चुकलं, असं म्हणा.”

आचार्य ताठ झाले. “तो माझा सिद्धान्त आहे, वहिनी!”

“मग ऐका सिद्धान्त. रात्रभर गातोय.”

रविवारी नणंद आली. ती मधली, दोन्ही भावांची लाडकी. चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, “वहिनी, पुरे झालं आता. कसा दिसतोय तो! भाऊ आहे माझा.”

“आणि आमचे यजमान कोण होते तुमचे, वन्सं? भाडेकरू?”

नणंदेने कप उचलला आणि उरलेला चहा मुकाट्याने संपवला.

घात झाला तो त्यानंतर. एका संध्याकाळी झुडपात तांबूस शेपटीचे दोन पक्षी दिसले. चोचीत वाळकी पानं घेऊन एक आत शिरत होती, आणि दुसरा फांदीवर बसून नवऱ्यासारखा नुसता बघत होता. त्या रात्री परस गप्प. दुसऱ्या रात्रीही गप्प.

“मेल्याला हाच मुहूर्त सापडला!” वहिनी नणंदेला फोनवर म्हणाल्या.

नणंद खदखदून हसली. “लग्न जमावं म्हणून तळमळणाऱ्या बायका खूप पाहिल्या. जमलं म्हणून तळमळणाऱ्या तुम्हीच!”

वहिनींना मात्र हसू आलं नाही. दोन वर्षं जोपासलेला सूड एका मादीने येऊन पाचोळ्यात बसवला होता. वर आचार्य घोरत होते. तो आवाज खाली स्वयंपाकघरात नीट ऐकू यायचा.

सकाळी आचार्य शीळ घालतच दुकानात शिरले. वहिनी एका चौकटीत बारीक स्क्रू बसवत होत्या.

“सवय झाली हो, वहिनी! आता तिच्या गाण्यातच झोप लागते. काल तर काय गायली! मला कळलंच नाही कधी डोळा लागला ते.”

वहिनींच्या चिमट्यातला स्क्रू जिथल्या तिथे थांबला.

“काल गायली?”

“अहो, रोज गाते! म्हणून तर रेडिओवाल्यांना बोलवावं म्हणतोय. माझ्या परसावरच्या सज्ज्यातून थेट प्रक्षेपण. तिचा विलाप, माझं विवेचन.”

वहिनींनी स्क्रू बसवला, एक पीळ जास्तच दिला. “बोलवा की. खुर्च्या मी आणते खालून.”

शनिवारी दिवेलागणीला सज्जा भरला. ग्रंथालयाचे अध्यक्ष पत्नीसह आले, महाविद्यालयाची मंडळी आली, नणंद आली. रेडिओवाली तरुण होती, चुणचुणीत होती. तिने एक माइक झुडपाकडे रोखला, दुसरा आचार्यांपुढे ठेवला आणि बोट वर केलं. प्रक्षेपण सुरू झालं.

“श्रोतेहो,” आचार्य म्हणाले, “आता आपण एका स्त्रीचं युगानुयुगांचं दुःख ऐकणार आहोत.”

श्रोत्यांनी ग्रंथालयाच्या अध्यक्षांचं खाकरणं ऐकलं. मग काहीच ऐकलं नाही.

“ती लाजते आहे,” आचार्य म्हणाले. मग म्हणाले, “विरहाची परिसीमा म्हणजे मौन.” मग त्यांच्याकडचं सगळं संपलं. त्यांनी झुडपाकडे असं पाहिलं, जणू झुडपाने त्यांचे पैसे बुडवले आहेत.

रेडिओवाली दातओठ खात पुटपुटली, “सर, काहीतरी बोला! नुसती शांतता जातेय हवेत.”

“लग्न झालं त्याचं,” वहिनी खुर्चीतून म्हणाल्या.

माइक त्यांच्याकडे वळला. “कुणाचं, काकू?”

“गाणाऱ्याचं. नर गातो तो. बायको मिळेपर्यंत रात्रभर गातो. मिळाली, आता कशाला गाईल? आमच्या यजमानांची कविताच आहे यावर. भाऊजी वाचतील. त्यांचा आवाज चांगला आहे.” आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून पुस्तक काढून, पान उघडून, दिरापुढे धरलं.

समोर माइक, मागे अध्यक्ष, झुडपात मौन. बुडणारा माणूस कवितासंग्रहही धरतो. आचार्यांनी वाचलं:

*रडत नाही तो. हाका मारतोय.*
*जिला बोलावतोय ती आली, की बघा,*
*गप्प बसेल, तुमच्या-माझ्यासारखा.*

मग अध्यक्षांच्या पत्नी मोठ्याने हसल्या, त्यांच्या पाठोपाठ टाळ्या पडल्या, अगदी मनापासून. टाळ्या ऐकून आचार्यांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या फुगला.

“माझे थोरले बंधू,” ते गहिवरून म्हणाले. “उपेक्षित प्रतिभा! मी तर नेहमीच म्हणत आलो की या माणसाचा कान...”

वहिनी माइककडे झुकल्या. हातात कागद नव्हता, त्याची गरजही नव्हती.

“‘या कवींचा धंदा चष्म्याचा आहे,’” त्या शांतपणे म्हणाल्या. “‘त्यांनी लोकांच्या डोळ्यांकडे पाहावं, कानांच्या वाटेला जाऊ नये. नाइटिंगेल ही विरहिणी आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. या गृहस्थांनी तिला मिशा लावल्या आहेत.’”

एकही शब्द गळला नव्हता. नणंद सज्ज्याच्या कठड्याकडे बघत राहिली.

“अगं बाई!” रेडिओवाली म्हणाली. “या कवितेवर? कुणी लिहिलं असलं?”

“ते भाऊजींना विचारा. त्यांना माहीत आहे.”

माइक आचार्यांपुढे गेला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, “सांग की.”

“मी,” आचार्य म्हणाले.

रेडिओवालीने कानावरचा हेडफोन दाबून धरला. “सर, आवाज कमी पडतोय. जरा पुढे येऊन परत सांगाल का? पूर्ण नावानिशी?”

वहिनी उठल्या आणि त्यांनी दिराची खुर्ची माइकच्या जवळ सरकवून दिली.