थोरल्यांचं तोंड

सृष्टीला पहिली मुलगी झाली ते साल २०२३. बारशाच्या दिवशी तिची आई पुष्पावती अंगणातल्या चुलीवर घुगऱ्या ढवळत होती, तेव्हा हवालदार गोरक्षनाथ मोटारसायकल बांधाला लावून चालत आला. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि आधी बाळाची चौकशी केली.

"लेक झाली म्हनं."

"व्हय. बसा. घुगऱ्या खाऊन जावा."

"खातो की. पन आधी सांगतो. अंगद घावला."

पुष्पावतीचा हात पातेल्यात तसाच राहिला. मग तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला आणि घुगऱ्या पुन्हा ढवळल्या.

अंगद तिचा थोरला दीर. आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात तो फिटर होता आणि वर्षाआड सुट्टीवर बेलापूरजवळच्या या वस्तीवर यायचा. अशाच एका सुट्टीत, विहिरीवरची मोटर आधी कुणी चालवायची यावरून त्याचं धाकट्या भावाशी वाजलं. धाकटा म्हणजे कल्याण, पुष्पावतीचा नवरा. अंगदच्या हातात पाइप पाना होता. पुष्पावती गवताचा भारा घेऊन बांधावर उभी होती, तिने सगळं पाहिलं. तिसऱ्या दिवशी कल्याणची राख सावडायला माणसं जमली, तेव्हा अंगद विमानात बसला होता. पोलीस त्याला पाहुण्यारावळ्यांकडे शोधत होते. त्या वेळी सृष्टी तिसरीत होती.

गोरक्षनाथ बाजेवर बसला. लिंबाखाली पुष्पावतीची सासू चांगुणाबाई पणतीसाठी गोधडी शिवत होती. कल्याणची ती आई, आणि अंगदचीही. तिने मान वर केली नाही.

"आपल्याकडचाच एक मानूस त्या कारखान्यात हाय," हवालदार म्हणाला. "त्यानं कळवलं. पन माझं नाव घेऊ नका म्हनला, पोटापान्याचा सवाल हाय. ह्याला दोन वर्सं झाली. तवापासनं कागद हिंडत्यात. एकदा भाषांतर चुकलं. एकदा शिक्का ऱ्हायला. मंग तिकडनं इचारलं, ह्याला फाशी देनार का? देनार असाल तर मानूस मिळनार न्हाई. मंग दिल्लीनं लिहून दिलं, फाशी देनार न्हाई."

चांगुणाबाईची सुई थांबली.

"लिहून दिलं?"

"व्हय आजी. सरकारनं. आता त्यो म्हनतोय, मी अंगद न्हाईच. पासपोर्ट दुसऱ्याच नावाचा हाय. रगत तपासू द्या म्हनलं तर नको म्हनतो, अन् तिथल्या कायद्यात जबरदस्ती चालत न्हाई. शेजाऱ्यांचा जबाब त्यांच्या वकिलानं उडवून लावला. घरातलं मानूस पायजे, एका छपराखाली ऱ्हायलेलं. नगरच्या कोर्टात टीव्हीवर दाखवत्यात. हाच का, म्हनून इचारत्यात. व्हय म्हनायचं, झालं." तो चांगुणाबाईकडे वळला. "आजी, तुमी तर आई. तुमीच चला की."

"मला दिसत न्हाई," चांगुणाबाई म्हणाली.

मागच्या दिवाळीत श्रीरामपूरच्या शिबिरात तिच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला होता. हातातली सुई तिने सकाळी स्वतः ओवली होती. पुष्पावतीने सुईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि हवालदारापुढे घुगऱ्यांची ताटली ठेवली.

"मी येते," ती म्हणाली.

श्रावण लागला तसा नगरचा निरोप आला. गोरक्षनाथ एसटीने तिच्याबरोबर गेला. राहुरीच्या स्टँडवर त्याने चहा घेतला, तिने नको म्हटलं. कोर्टात सरकारी वकील पंकजा मॅडम वाट पाहत होत्या. वयाने सृष्टीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी टेबलावर चार फोटो मांडले.

"यातले अंगद कोणते?"

पुष्पावतीने तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"बरोबर. कसं ओळखलंत?"

"पोलिसांनी मागं दाखवला हुता, त्यो फोटू हाय ह्यो."

मॅडमनी चष्मा काढला. "असं म्हणायचं नाही, मावशी. घरात रोज पाहत होते, म्हणून ओळखलं, असं सांगायचं."

"घरात कसं बघनार? थोरले ते."

"म्हणजे?"

"थोरल्या दिराच्या तोंडाकडं बघत न्हाईत आमच्यात."

गोरक्षनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्याला हसू आलं. "वहिनी, अकरा वर्सं एका घरात ऱ्हायला तुमी. आमची मंडळी लग्न होऊन आली अन् दुसऱ्याच दिवशी माझ्या थोरल्या भावाशी भांडली, चांगली तोंडावर तोंड देऊन."

"ती शिकलेली असंल," पुष्पावती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "मग विहिरीवर जे झालं, ते तुम्ही पाहिलं की नाही?"

"बघितलं. पाठमोरे हुते. पन ते थोरलेच. त्यांची चाल मला ठावं न्हाई व्हय? पाय ठावं हायेत. डाव्या पायाचा अंगठा चेपलेला हाय, कारखान्यात लोखंड पडलं हुतं. त्यांना पाय दाखवाय सांगा, लाख पायांत वळखीन."

"ते बूट काढायला तयार नाहीत, मावशी," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या वकिलांनी आधीच हरकत घेतली आहे. तुम्हाला फक्त चेहरा दिसणार." त्यांनी फोटो गोळा केले. "खोटं बोला असं मी म्हणणार नाही. जेवढं विचारतील तेवढंच सांगा."

खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही होता. न्यायाधीश वर बसले होते, त्यांच्या खाली दुभाषी. पुष्पावतीला शपथ दिली. टीव्हीवर आधी नुसतं निळं दिसलं, मग तिकडची खोली दिसली, वर न्यायाधीशबाई, खाली एक वकील. एका बाकावर चष्मा लावलेला, टक्कल पडलेला माणूस बसला होता. अंगात इस्त्रीचा सदरा. छातीपासून खालचं काही दिसत नव्हतं.

पुष्पावतीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आपल्याला चीड येईल असं तिला वाटलं होतं. पण त्या माणसाचं नाक आणि भुवयांमधली आठी अगदी कल्याणसारखी होती. कल्याण म्हातारा झाला असता तर असा दिसला असता. ती टेबलाच्या कडेला हात धरून बघत राहिली.

दुभाष्याने विचारलं, "हा माणूस कोण आहे?"

"माझे थोरले दीर. अंगद."

तिकडचा वकील उभा राहिला. तो हळू, सभ्यपणे बोलत होता. दुभाष्याने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. "फोटो सोडून, या माणसाचा चेहरा तुम्ही आधी कधी पाहिला आहे?"

पंकजा मॅडम खाली कागदाकडे बघत होत्या. गोरक्षनाथ दाराशी उभा राहून मान हलवत होता, व्हय म्हना, व्हय म्हना. पुष्पावतीने ते पाहिलं. पण शपथ घेताना उचललेला हात तिने नुकताच खाली घेतला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "थोरल्यांचं तोंड बघत न्हाईत."

एवढं सांगायला दुभाष्याला बराच वेळ लागला. तिकडच्या न्यायाधीशबाईंनी दोनदा काहीतरी विचारून घेतलं. मग त्या बाकावरच्या माणसाकडे वळल्या आणि त्याला स्वतःचं नाव सांगायला सांगितलं.

तो पुढे सरकला आणि बोलण्याआधी खाकरला.

खाकरणं दोन तुकड्यांचं होतं, पहिला आखूड, दुसरा ओढलेला. घरात सुना असल्या की थोरला दीर उंबऱ्याबाहेर असा खाकरतो आणि मगच आत येतो. तेवढ्या वेळात सुनांनी सावरून बसायचं असतं. त्या माणसाने नाव उच्चारायच्या आत पुष्पावतीचा पदर कपाळावरून नाकापर्यंत आला होता आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचं तिलाही कळलं नाही. तो पुढे जे नाव बोलला ते तिने ऐकलं नाही.

तिकडचा वकील ताबडतोब बोलू लागला. साक्षीदाराने तोंड झाकून मान फिरवली आहे, ती माझ्या अशिलाकडे बघायलाही तयार नाही, याची नोंद घ्यावी, असं तो म्हणत होता.

"हेच हायेत," पुष्पावती पदराआडून म्हणाली. "हेच. मी सांगते ना."

दुभाष्याने ते सांगितलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कशावरून?"

"खाकरले."

पंकजा मॅडम उठल्या. त्यांनी रीत समजावून सांगितली, चांगली सांगितली, इंग्रजीतून सांगितली. टीव्हीवरचा आवाज मधेच तुटत होता. न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं. खोकला जगात सगळ्यांनाच येतो, असं त्या म्हणाल्या. त्यात कुत्सितपणा नव्हता. बाकावरचा माणूस खाली बघत होता. त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

परत येताना गोरक्षनाथ म्हणाला, "एक शब्द हुता, वहिनी. व्हय."

बेलापूर येईपर्यंत तिने पदर कपाळावरून मागे घेतला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हवालदार निकाल सांगायला आला. ओळख पटली नाही म्हणून अंगदला सोडलं होतं. सरकार वरच्या कोर्टात जाणार होतं, पण नवा पुरावा लागेल असं मॅडमनी कळवलं होतं. गोरक्षनाथ बसला नाही. पाणी पिऊन गेला.

चांगुणाबाई ओसरीवर होती. गोधडी संपत आली होती, कडेची शिवण राहिली होती. पुष्पावती तिच्याजवळ बसली.

"वाळलाय का?" सासूने विचारलं.

"न्हाई. बरे हायेत. चष्मा लागलाय. केस गेलं."

"त्याच्या बापाचं बी लौकर गेल्तं."

पुष्पावतीने दोरा तोडून दिला. "तुमी हवालदाराला म्हनला, मला दिसत न्हाई, आत्या."

"तू बी काय बोलली न्हाईस."

"मी काय बोलू? तुमी दोघांची आई."

चांगुणाबाईने सुई उजेडाकडे धरली आणि एका दमात ओवली. मग ती म्हणाली, "मला ने नगरला. मी वळखते त्याला."

पुष्पावतीने तिच्याकडे पाहिलं.

"आत्या, तुमी व्हय म्हनला की त्यांना बेड्या घालून आनत्याल. जल्माची जेल व्हईल."

"फाशी न्हाई म्हनून लिहून दिलंय न्हवं?"

"दिलंय."

"मंग. तसा त्यो येत न्हाई. इतकी वर्सं झाली, आला का? बेडीत का हुईना, हितं तर यील." ती शिवू लागली. टाके बारीक आणि सारखे पडत होते. "जेलात आईला भेटू देत्यात का गं?"

"देत्यात."

"मला एकटीला एसटी कळायची न्हाई."

उन्हं अंगणातून सरकून ओसरीच्या पायरीवर आली. गोठ्यात गाय हंबरली, तशी ती उठली, गाईला पेंड घालून आली आणि पुन्हा सासूपाशी बसली. गोधडीचा दुसरा काठ तिने दोन्ही हातांनी ओढून ताठ धरला.

"नेईन," ती म्हणाली. "मी भाईर बसंन."

चांगुणाबाईचा जबाब त्याच वर्षी कार्तिकात नगरला झाला. तिने अंगदच्या डाव्या कानामागचा वण सांगितला, तो लहानपणी कशाने पडला तेही सांगितलं, आणि फोटोवर अंगठा उठवला. मॅडमनी तिला खुर्चीवरून स्वतः उठवलं. कागदाचं भाषांतर झालं, तो दिल्लीला गेला, एक सही राहिली म्हणून परत आला, पुन्हा गेला. तिकडच्या वरच्या कोर्टाने आईला टीव्हीवर उभं करा म्हणून सांगितलं आणि तारीख दिली. ती दोनदा पुढे गेली. तिसरी पडली २०२५ च्या एप्रिलात. चांगुणाबाईने त्यासाठी नवं लुगडं धुऊन, घडी घालून ठेवलं होतं. गोरक्षनाथ वस्तीवरून जाताना तिला हाक मारायचा, "आजी, डोळं सांभाळा." ती म्हणायची, "डोळं चांगलं हायेत. तू तारीख सांभाळ."

कल्याण फेब्रुवारी २००९ मध्ये विहिरीवर मारला गेला. त्याची आई चांगुणाबाई ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, बुधवारी सकाळी, झोपेतच वारली. थोरला मुलगा हयात असून अग्नी चुलत पुतण्याने दिला.